दाजींचा चेहरा

॥ श्री ॥

बेगमपुरा, औरंगाबाद
ता. ४ फेब्रुवारी १९६२

ती. गं. भा. सारजाआक्काच्या चरणी धाकट्या बद्रीनाथचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्रास कारण की, परवा तुझे दीर काकासाहेब गावच्या तिघा पंचांना घेऊन माझ्या कारखान्यात आले. चौघंही कडक इस्त्रीत. मी आणि माझा ओतारी नूरमोहम्मद तेव्हा देवीचा एक मुखवटा घासत बसलो होतो, दोघांचीही तोंडं भट्टीच्या काजळीनं माखलेली. मूर्तिकार बद्रीनाथ कुठं भेटतील, असं काकासाहेबांनी मलाच विचारलं. तुझ्या सासरच्यांनी मला भाऊबीजेच्या दिवशी धुतल्या सदऱ्यातच पाहिलंय, त्यांचा काय दोष!

काम ऐकलं आणि माझा हात थांबला. दाजींचा पुतळा करायचाय. छातीपर्यंतचा, ब्राँझचा. चावडीसमोरच्या पारावर बसवायचा आणि सतरा सप्टेंबरला, निजामाचं राज्य गेलं त्या तारखेला, उघडायचा. पोलीस अ‍ॅक्शनच्या दोन महिने आधी दाजी चळवळीचा निरोप पोचवायला स्वातंत्र्यसैनिकांच्या चाळीसगावच्या कँपाकडे निघाले, घाट उतरू लागले आणि घाटातच गोळी लागून पडले, हे आता गावातली पोरं पाढ्यासारखं म्हणतात, असं काकासाहेब सांगत होते.

आक्का, मी दाजींना एकदाही पाहिलेलं नाही. चौदाव्या वर्षी घरातून पळून मुंबईला एका मूर्तिकाराच्या हाताखाली राहिलो, आणि पुढच्याच वर्षी तुझं लग्न झालं. पत्र हाती पडलं तेव्हा तुझी हळद उतरून महिना झाला होता. पुढं सरहद्दीवर धामधूम. मी परतलो तो पन्नास साली. तेव्हा तुझं कपाळ मोकळं होतं आणि मांडीवर आवडी होती. मेव्हण्यानं दाजींची थट्टा करायची असते, त्यांचा जोडा लपवायचा असतो, ते सगळं माझं राहूनच गेलं. फार वाईट वाटतं त्याचं. आता त्यांना भेटायचं तर हा एकच रस्ता आहे.

अडचण एवढीच की फोटो नाही. लग्नात काढला नव्हता, पुढं कुणाला सुचलं नाही. काकासाहेब त्या वेळी नऊ वर्षांचे. तेव्हा चेहरा तूच सांग. छान दिसायचे, रुबाबदार होते, असलं काही नको. कपाळ किती, नाक कसं, हनुवटी कशी, हे हवं. तुझ्याइतकं जवळून त्यांना दुसऱ्या कुणी पाहिलंय?

आवडीला माझे आशीर्वाद. माझ्यावरचा राग असेल तेवढा ठेव, पण लोभ त्याहून थोडा जास्त असू दे.

तुझा
बद्रीनाथ

---

मु. बोरखेडा, ता. कन्नड
ता. १३ फेब्रुवारी १९६२

चि. बद्रीनाथ यास सारजाआक्काचे अनेक आशीर्वाद. अक्षर आवडीचं, बोल माझे.

तुझं पत्र आवडीनं दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा वाचायला लागली तेव्हा मीच नको म्हटलं. मला तुझा राग नाही. तेव्हा तू पोर होतास, आणि पोरं पळतातच. राग धरला असता तर दर भाऊबीजेला करंज्या कशाला तळल्या असत्या?

विचारलंस ते सांगते. त्यांचा चेहरा लांबट होता. कपाळ रुंद. डावी भुवई उजवीपेक्षा थोडी वर, काही विचारायचं राहिल्यासारखी. डोळे जरा खोल. हसले की एकाच गालाला घडी पडायची. हनुवटीत मधोमध खळगा, पिठात बोट टेकवावं तसा. मिशी बारीक. डोक्याला फेटा असायचा, त्यामुळं कानांचं नीट सांगता येत नाही. रंग सावळा, पण तुझ्या धातूत त्याचा काय उपयोग.

उन्हाळा येतोय. भट्टीपुढं डोक्याला ओलं फडकं बांधत जा. नूरमोहम्मदची बायको रईसा तुझ्या जेवणाकडं बघते हे ऐकून बरं वाटलं. तू मात्र लग्नाचं नाव काढत नाहीस. देवांची तोंडं घडवण्यात तुझं स्वतःचं तोंड म्हातारं व्हायला लागलंय.

मामा, आता माझं. आईनं सांगितलेलं हे सगळं मला तोंडपाठ आहे. लहानपणी झोपताना मी गोष्ट नाही मागायची, बाबांचा चेहरा सांग म्हणायची. माझ्या हनुवटीत खळगा आहे तो त्यांचाच. वर्गातल्या मुली वडिलांचं काहीबाही सांगतात, मी हनुवटी पुढं करते. लवकर करा पुतळा. मला शेजारी उभं राहून बघायचंय. आणि एक गंमत. आई दुपारी मारुतीच्या देवळात बायकांच्या वर्गाला जाते, पाटी पदराखाली लपवून. ळ काढताना तिची जीभ बाहेर येते. मी हे लिहिलंय ते तिला अजून वाचता येत नाही, म्हणून निर्धास्त आहे.

आम्हा दोघींची माया आहेच.

आवडा

---

औरंगाबाद
ता. ११ मार्च १९६२

ती. आक्काच्या चरणी बद्रीनाथचा नमस्कार, वि. वि.

तू सांगितलेला नीटनेटका चेहरा मिळाला. देव तुझं भलं करो, कारण काकासाहेबांनी पाठवलेला कागद वाचून माझं डोकं फिरायची वेळ आली होती. त्यांनी गावातल्या जुन्या माणसांचं म्हणणं लिहून घेतलंय. फकिराबुवा म्हणतात, गलमिशा होत्या. रामकिसन पाटील म्हणतात, मिशाच नव्हत्या. एकानं छाती अशी सांगितलीय की दाजींना दारातून आडवंच यावं लागलं असतं. शेवटी काकासाहेबांनी लिहिलंय की भाऊ भावासारखाच असतो, म्हणून ते स्वतः फेटा बांधून समोर बसायला तयार आहेत! चौदा वर्षांत गावानं माणूस विसरून वीर तेवढा ध्यानात ठेवला. म्हणून मी सगळे कागद बाजूला ठेवले आणि एकट्या तुझं ऐकायचं ठरवलं.

काम असं चालतं, आवडीलाही सांग. आधी शाडूच्या मातीत चेहरा करायचा. त्यावरून प्लास्टरचा साचा, साच्यातून मेणाचा चेहरा. मेणावर पुन्हा मातीचं जाड लिंपण द्यायचं आणि सगळं भट्टीत भाजायचं. मेण वितळून वाहून जातं, आत चेहऱ्याएवढी पोकळी राहते, तिच्यात नूरभाई धातूचा रस ओततो. मेण गेल्याशिवाय पुतळा होत नाही. नूरभाई नऊ वर्षं माझ्याबरोबर आहे, अजूनही ओतायच्या आधी बिस्मिल्ला म्हणतो आणि मला बाहेर काढतो, कारण माझी बडबड त्याला चालत नाही.

धातूसाठी घरटी एक जुनं भांडं द्यायचं असं गावानं ठरवलंय म्हणे. नूरभाईनं कपाळाला हात लावला. पितळ, जस्त, कल्हई सगळं एकात गेलं तर रस नासतो. तांबं असेल तेवढंच पाठवा, असं काकासाहेबांना गोडीनं सांग. मी सांगितलं तर भांडण होईल.

मातीत कपाळ आणि भुवया झाल्या. गंमत म्हणजे हात आपोआप चालतो. तुझ्या शब्दांनी मला कुठंच अडवलं नाही. इतकी वर्षं तू हा चेहरा किती जपला असशील, या विचारानं मधेच हात थांबतो.

लोभात खंड नको.

बद्रीनाथ

---

बोरखेडा
ता. २० मार्च १९६२

चि. बद्रीनाथास आक्काचे आशीर्वाद.

कन्नडहून औरंगाबादला येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरजवळ पोतं दिलंय. त्यात गावची तांब्याची भांडी आहेत. वर फडक्यात बांधलेला गडू माझा. त्याचा काठ चेपलाय. तो शुद्ध तांब्याचा आहे, नूरमोहम्मदला म्हणावं खुशाल वितळव, पण दुसऱ्या कशात नको, या पुतळ्यातच घाल. ते आजारी होते तेव्हा याच गडूतलं पाणी असायचं. एवढंच लिही, असं आवडीला सांगितलं तर ती मला आणखी विचारायला लागली. पोरींना सगळं हवं असतं.

चेहऱ्याची घाई करू नकोस. नाही झाला तरी चालेल.

(मामा, नाही झाला तरी चालेल असं आई का म्हणाली ते मला कळलं नाही. तुम्ही लक्ष देऊ नका. - आवडा)

---

औरंगाबाद
ता. ९ एप्रिल १९६२

ती. आक्काच्या चरणी नमस्कार, वि. वि.

आज तुला पोट धरून हसवतो. मातीचा चेहरा काल पुरा झाला. फेटा, मिशी, सगळं. मी लांब जाऊन बघितलं, जवळ येऊन बघितलं, आणि खरं सांगतो, दाजींना नमस्कार केला. मग नूरभाईला बोलावलं. तो आला, कमरेवर हात ठेवून उभा राहिला, आणि काही न बोलता ओल्या बोटानं मिशी पुसून टाकली. मी ओरडणार तोच त्यानं फेट्यावर फडकं टाकलं आणि मला म्हणाला की उस्ताद, दाढी करायला बसता तेव्हा आरशात बघत नाही का?

आक्का, मीच होतो तो! डावी भुवई, गालाची घडी, हनुवटीतला खळगा. महिनाभर मी माझंच तोंड घडवत होतो आणि मला कळलं नाही. आरशात आपण उलटे दिसतो, त्यात मिशी आणि फेटा, म्हणून फसलो. रईसाभाभी हसून हसून ओट्यावर बसल्या. म्हणाल्या, बहिणीला भावाशिवाय दुसरा राजबिंडा दिसतच नाही.

आता मला सांग, दाजी खरंच माझ्यासारखे दिसायचे का? की तू घाईत माझंच वर्णन केलंस? काय ते स्पष्ट लिही, म्हणजे माती मोडायची की ठेवायची ते ठरवतो. हनुवटीचा खळगा तर आपल्या आईचा. आपल्याच घराण्यात आहे तो.

पत्र वाचून हसलीस की नाही ते कळव.

बद्रीनाथ

---

बोरखेडा
ता. १७ एप्रिल १९६२

मामांना आवडाचा नमस्कार.

तुमचं पत्र मीच वाचून दाखवलं. मोठ्यानं. रईसामामी ओट्यावर बसल्या तिथपर्यंत मी हसत होते. मग हनुवटीचं वाचलं.

आई उठून चुलीकडं गेली. चूल पेटलेली नव्हती तरी फुंकत बसली. मी विचारलं की बाबांना खळगा होता ना. ती फुंकतच राहिली. मी म्हटलं, मग रोज झोपताना कोणाचा चेहरा सांगत होतीस? ती चुलीतली राख उकरायला लागली. तेव्हापासून आम्ही दोघी कामापुरतंच बोलतो. मी चुकीचं वागतेय हे मला कळतं, पण मला राग येतो आणि रडूही येतं. तुमच्यासारखं दिसणं वाईट नाही, मामा. पण मला वाटायचं, माझ्याजवळ बाबांचं एवढंतरी आहे.

ती वर्गालाही जात नाही. घरीच पाटी घेऊन कोपऱ्यात बसते आणि मी गेले की पुसते.

पुतळा नकोच आता.

आवडा

---

बोरखेडे
२९ यपरिल

बद्रीनाथास आक्काचे आसीरवाद.

हे माझ्या हातचं पहिलं पत्र. बारा दिवस लागले. चुकलं असंल तर नीट करून वाच. दुसऱ्याच्या हातून हे लिहून घेता येत नव्हतं.

तू लिहिलं की तुझ्याइतकं जवळून कोणी बघितलं. मी बघितलंच नाय. खरं सांगते. तीन वर्षं संसार झाला. घरात सासू, सासरे, चुलत सासरे, आल्यागेल्याची वर्दळ. त्यांच्यासमोर नवऱ्याकडं मान वर करून बघायची रीत नव्हती. पदर नाकापर्यंत. मला त्यांचे पाय माहीत. टाचेच्या भेगा माहीत. रानात जाताना मी मागं, ते पुढं, म्हणून पाठ माहीत. रातीचं रॉकेल रेशनवर, दिवा लवकर मालवायचे. वाटायचं, घाई काय, म्हातारे होऊ तवा बघू. मग घाटात गेले ते आलेच नाय. तिथंच जाळलं. तेव्हाबी बघितलं नाय.

आवडी चार वर्षांची झाली तवा तिनं विचारलं, माझा बाबा कसा दिसायचा. भाऊबीज होती. तू पाटावर बसला होता, माझ्या हातात निरांजन. मला काही सुचंना. नाय माहीत, असं पोरीला कसं सांगू? समोर तूच होता. निरांजनाच्या उजेडात तुझ्याकडं बघून सांगत गेले. गड्यामाणसाचं तोंड मी एवढंच नीट बघितलंय, वरसातून एकदा. मग रोज सांगून सांगून मलाबी तेच खरं वाटाय लागलं. तुझ्यासंगं लबाडी करायची नव्हती रे.

पण एक आहे. लगनाच्या दुसऱ्या वर्षी त्यांना मुदतीचा ताप आला. एकवीस दिवस. उजेड सोसेना म्हणून आतल्या अंधाऱ्या खोलीत ठेवलं. सासूचे डोळे अधू, म्हणून मीच बसायची. गडूत फडकं बुडवून तोंड पुसायची, कपाळावर घडी ठेवायची. दिवसातून पन्नास येळा. डोळ्याला त्यांचं तोंड माहीत नाय, हाताला माहीत आहे. अजून आहे. कधी कणीक मळताना हात थांबतो.

ह्याचा तुला उपयोग आहे का? नसंल तर माती मोड आणि गावाला सांग, आक्काला आठवत नाय.

सारजा

---

औरंगाबाद
ता. ४ मे १९६२

ती. आक्काच्या चरणी डोकं ठेवून बद्रीनाथचा नमस्कार.

मी गाढव आहे. पत्र आवडी वाचणार, एवढंही माझ्या डोक्यात आलं नाही. बारा दिवस पाटीवर गिरवलेलं तुझं पत्र मी देव्हाऱ्यात ठेवलंय, चुका न काढता.

माती मोडली. कालच भिजवून गोळा केला. आता मातीत करणारच नाही. मी नुसता डोक्याच्या हाडांचा आकार करून ठेवतो, त्यावर मेणाचा जाड थर. बाकी तू कर. मे महिन्यात मेण लोण्यासारखं मऊ असतं, बोटानं हलतं. कणीक मळणाऱ्या हाताला ते जड नाही.

पुढच्या रविवारच्या एसटीनं ये. उतरलीस की स्टँडवरच मी असेन. रईसाभाभी म्हणाल्या, बाजरीची भाकरी तुला हवी तशी करतील, चूल हवी तर वेगळी मांडू. नूरभाई फक्त एवढंच म्हणाला की बाईंना येऊ द्या, चेहरा राहून जाणं काय असतं ते आम्हाला ठाऊक आहे. अ‍ॅक्शननंतरच्या आठवड्यात त्याचे अब्बा बाजाराला म्हणून बाहेर पडले ते अजून आलेले नाहीत. त्यांचाही फोटो नाही.

येताना काही आणू नकोस. हात तेवढे आण.

बद्रीनाथ

---

औरंगाबाद
ता. २२ मे १९६२

चि. आवडा हिस मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझी आई आज सकाळच्या गाडीनं निघाली. हे पत्र तिच्या मागोमाग पोचेल. तिनं तुला काही सांगितलं नसेल, ती सांगणारही नाही, म्हणून मी लिहितो. तू माझ्यावर रागाव, तिच्यावर नको. लबाडी तिनं केली असेल, पण रिकाम्या हातानं पोरीला झोपवायचं कसं, ही अडचण तिची एकटीची होती.

पहिले दोन दिवस तिनं मेणाला हातच लावला नाही. कोपऱ्यात बसून आमची भांडी घासली. तिसऱ्या दिवशी नूरभाईनं खिडक्यांना ओली पोती लावली, ऊन येऊन मेण ढळू नये म्हणून. खोलीत अंधार झाला. तेव्हा ती आपणहून उठली, हात धुतले, पदर कमरेला खोचला आणि डोळे मिटून मेणाच्या कपाळावर तळवा ठेवला. नुसता ठेवून उभी राहिली. मग अंगठा भुवईवरून बाहेर, कानशिलाकडं. तिथं थांबली आणि म्हणाली की इथं खड्डा पाहिजे, बैलाचं शिंग लागलं होतं. मी विचारलं, किती? तिनं बोटाचं पेर दाबलं. तेवढाच खड्डा.

पोरी, मी अठरा वर्षं या धंद्यात आहे, असं काम बघितलं नाही. नाकाचं हाड तिनं एका बाजूला किंचित कलतं केलं. गाल मी भरून ठेवले होते ते तिनं दाबून आत घेतले, तापातल्या माणसाचे असतात तसे, आणि मग स्वतःशीच नाही नाही म्हणत पुन्हा थोडे भरले. ओठांशी आली तेव्हा मी आणि नूरभाई बाहेर जाऊन बसलो. तिथं आमचं काम नव्हतं. चार दिवस चाललं. मधे माझ्या हातानं मी कुठं काही साफ करायला गेलो तर तिनं न बघता माझ्या हातावर चापट मारली.

आता तुझ्यासाठी. कानांना ती शेवटी आली. म्हणाली, हे कुठं मला आठवायचे, आणि बोटं लावली. पाळी करता करता हसायला लागली. डोळे मिटलेलेच. मला म्हणाली की बद्री, हे तर आवडीचे कान रे, हिला तेल लावताना मी म्हणायची ही पाळी अशी मुडपलेली कुणाची? हनुवटी माझी असेल, आवडे, पण कान तुझ्या बाबांचे आहेत. आजवर वेणीखाली झाकून ठेवलेस, आता बाहेर काढ.

आईशी बोल. मामाचा लोभ आहेच.

बद्रीमामा

---

औरंगाबाद
ता. १९ ऑगस्ट १९६२

ती. आक्काच्या चरणी बद्रीनाथचा नमस्कार, वि. वि.

ओतकाम झालं. पावसानं उघडीप दिली तसं उरकून घेतलं. तुला सांगितलं नव्हतं, पण या वेळी माझी झोप उडाली होती. नेहमी साचा हाताशी असतो, रस बिघडला तर दुसरं मेण काढता येतं. तुझ्या बोटांचं मेण एकच होतं. साचा घ्यायचा म्हटला तरी ते दबलं असतं. ते भट्टीत गेलं की गेलं. नंतर धातू नीट भरला तर दाजी, नाही तर काही नाही. भट्टीतून मेणाचा धूर निघाला तेव्हा मी रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. नूरभाईनं रसाची मूस उचलायच्या आधी तुझा गडू शेवटी टाकला, वेगळा, आणि सगळं बुडेपर्यंत वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी माती फोडली. भरलंय, आक्का. कानशिलाच्या खड्ड्यात तुझ्या पेराची रेषसुद्धा उमटलीय. मी कानस-छिन्नी हातात घेतली आणि परत ठेवली. घासणार नाही.

फेटा ठेवलाय, मिशी काकासाहेबांच्या समाधानापुरती. तुझ्या बोटांना ओठावर खुंट लागायचे म्हणालीस, तेवढीच.

एकच सल राहिला. काम झाल्यावर मी खिडकीचं पोतं काढलं, उजेड आला, आणि तू पदर पुढं ओढून सरळ बाहेर गेलीस. एकदा तरी बघ म्हणालो, तर म्हणालीस की तुम्ही दोघं गडीमाणसं इथं उभी आहात. चार दिवस त्यांचा चेहरा घडवलास आणि बघितला नाहीस. सतरा तारखेला तरी बघ. गाडीत पेंढ्यात ठेवून मीच घेऊन येतोय.

लोभ वाढता असू दे, करंज्याही.

बद्रीनाथ

---

बोरखेडा
२६ सप्टेंबर १९६२

चि. बद्रीनाथास आक्काचे आशीर्वाद. हे सगळं माझ्या हातचं. वेलांट्या आवडीनं तपासल्या, पण खालचं अर्धं तिला दाखवलं नाही.

तू घाईनं गेलास, बोलणं झालं नाही. कार्यक्रम चांगला झाला. पितृपंधरवड्यात उद्घाटन नको म्हणून दोघंतिघं कुरकुरले होते, मी निरोप पाठवला की त्यांच्यासाठी हाच पंधरवडा बरा. कापड काढलं तेव्हा तू पारावरून मला शोधत होतास ते मला कळलं. मी बायकांच्या मागं होते. चुलत सासरे समोर खुर्चीवर, सगळं गाव जमलेलं. मी लोकांचे पाय बघत होते. लोक गप्प झाले, तेवढं ऐकलं.

काकासाहेब भावजी घरी आले आणि मिशी फारच बारीक झाली म्हणाले. जेवायला बसले, घास हातात घेतला आणि ठेवला. म्हणाले, वहिनी, दादा मला खांद्यावर घ्यायचा तवा मी कान धरायचो, ते कान तेच हायेत. मग जेवले नाहीत. आवडी ऐकत होती. दुसऱ्या दिवशी तिनं केस मागं घट्ट बांधले. शाळेतून येताना रोज पाराला वळसा घालून येते.

आता खालचं.

काल कन्नडचा बाजार होता. दुपारी गावात कुणी नव्हतं. मी घागर घेऊन पाण्याला निघाले, भरली, आणि पाराशी आले. इकडंतिकडं बघितलं. मग पदर मागं सारला आणि मान वर केली.

दिवसाउजेडी पहिल्यांदा त्यांच्याकडं बघितलं, बद्री. लई वेळ बघितलं. ते माझ्याकडंच बघत होते. किती लहान आहेत रे. मला वाटायचं, ते मोठे आहेत. मी चौतीसची झाले, ते सव्वीसचेच राहिले. मला लाज वाटली, माझे केस पिकलेत म्हणून.

कपाळाला हात लावला तर भाजलं. भादव्याचं ऊन सकाळपासून डोक्यावर होतं. तापात अगदी असंच लागायचं हाताला. माझा हात मागं आला नाही. पदराचं टोक घागरीत भिजवलं आणि कपाळावर घडी ठेवली. सुकली की परत भिजवली. कानशिलाला पुसलं, डोळ्यांना पुसलं. घागर अर्धी झाली तेव्हा कपाळ गार लागलं.

मग शाळा सुटायची वेळ झाली म्हणून उठले.

नूरमोहम्मदला सांग, अब्बांची आई, बहीण, कुणी हयात असेल तर तिला मेणाजवळ बसवून बघ. डोळे मिटायला सांग.

दिवाळीला ये. या वर्षी ओवाळताना तुझं तोंड तुझंच म्हणून बघणार आहे. आणि एक विचारून सांग. तोंडानं त्यांचं नाव घेत नाही मी, कधी घेतलं नाही. हातानं लिहिलं तर चालतं का? तू विचारेपर्यंत मी लिहूनच टाकते.

तुझी आक्का
सारजाबाई पुंजाराम निकम